बिनडोळ्यांची फौज

रूथबाई शिरसाठांना शाल द्यायचं ठरलं तेव्हा ते सगळ्या नेवाशाला माहीत होतं, फक्त रूथबाईंना सोडून.

आता शाल कुणाला देतात हे काय सांगायला हवं? माणसाला घरी बसवायचं असलं की देतात. खुर्चीत बसवायचं, फेटा बांधायचा, हातात नारळ ठेवायचा, चार जणांनी उठून 'आमचं प्रेरणास्थान' म्हणायचं. दुसऱ्या दिवसापासून त्या माणसाला कुणी काम सांगत नाही. भांडून काढलेला माणूस निदान भांडायला तरी परत येतो, सत्कार करून काढलेला कुठल्या तोंडानं येणार? रूथबाईंनी मिशनच्या शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवली आणि निवृत्तीच्या दिवशी अशी एक शाल घेतली होती. ती त्यांनी इस्त्रीच्या टेबलावर अंथरली होती. दुसरी त्यांना नको होती.

पण या शालीचा शाळेशी संबंध नव्हता. ही शाल किल्ला मंडळाची.

दिवाळीत पोरं दारात मातीचा किल्ला करतात ना, तेच हे. फक्त ही पोरं म्हातारी झाली तरी थांबली नाहीत. मंडळातल्या अंगदच्या हार्डवेअरच्या दुकानावर माडी आहे, तिथं दर दिवाळीला दरवाजाएवढ्या फळ्यांवर माती पसरायची, हळीव पेरायचे, तट-बुरूज उभे करायचे आणि एक खरी लढाई पुन्हा लढायची. चाल फूटपट्टीनं, नशीब फाशांनी. सुरुवातीला कुंभाराकडचे मातीचे मावळे असत. पुढं पुण्याहून कोरे, करडे शिपाई यायला लागले, अंगठ्याच्या पेराएवढे. ते आपण रंगवायचे आणि मग लढवायचे. मंडळाचा जीव एकोणिसाव्या शतकावर, कारण त्या काळात फौजांचे कोट रंगीबेरंगी. यंदा घेतली होती अठराशे तीनची लढाई, कंपनी सरकारच्या फौजेनं नगरच्या पेठेच्या तटाला शिड्या लावल्या ती. तटावर शिंद्यांचे शिपाई आणि अरब, खाली तेलंगे, म्हणजे कंपनीचे देशी शिपाई, आणि गोरे, गोऱ्यांत स्कॉटलंडचे घागरेवाले. ते घागरेवाले नगरच्या पावसाळ्यात घागरे घालूनच लढले की पांढऱ्या विजारी घालून, यावरून मंडळात भांडण पेटलं होतं आणि दोन्ही बाजू एकमेकांचा चहासुद्धा घेत नव्हत्या.

मंडळाचा एक नियम मात्र सगळ्यांना मान्य. आमच्या नगर भागात गणपतीचे कारखाने गल्लोगल्ली. तिथं मूर्ती कुणीही रंगवो, डोळ्यांची आखणी करणारा हात वेगळा, आणि डोळे उघडल्याशिवाय मूर्ती बाहेर पडत नाही. मंडळानंही तेच धरलं. शिपाई कुणीही रंगवावा, डोळे उघडणार रूथबाई. एका केसाच्या ब्रशानं, श्वास धरून, टिच्च, टिच्च. सगळे भोवती उभे राहून बघायचे. 'डोळं उघडल्याबिगर शिपाई मैदानात न्हाई,' हा नियम आबासाहेबांनी केला होता. आबासाहेब म्हणजे मंडळाचे पंच. घोडेगावच्या बाजारात जन्मभर जनावरांची दलाली केलेला माणूस. कुजबुजला तरी वेशीपर्यंत ऐकू जाई.

रूथबाईंचं एक गुपित होतं. दर पलटणीत त्या एक शिपाई झोपलेला ठेवायच्या. टोपीखाली, गर्दीत मागं कुठंतरी, डोळे मिटलेला एक गडी. एवढ्या धुमश्चक्रीत एखादा पेंगणारच की! वर्गात नाही का एक असतो? हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःशी हसायला माणसाला काहीतरी हवं.

दोन वर्षांपूर्वी त्यांचे स्वतःचे डोळे बिघडले. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. नगरच्या डॉक्टरनं सांगितलं, पडद्याचा मधला भाग झिजलाय, ऑपरेशन नाही, हळूहळू वाढत जाईल. म्हणजे जिथं बघावं तिथंच धुकं. समोरच्याचं तोंड बघायला जावं तर तोंडाच्या जागी पुसलेल्या पाटीसारखा डाग, आणि त्याचा शर्ट, चप्पल, मागचं कॅलेंडर सगळं दिसतंय. बाई बाजूला मान वाकडी करून, कोंबडीसारखं तिरकं बघायला शिकल्या. भाजी त्यांनी तशीच निवडली, बायबल मोठ्या अक्षरात टॅबवर तसंच वाचलं आणि शिपायांचे डोळेही तसेच उघडले. हात सरावाचा होता. लोक 'वा बाई' म्हणाले, बाईंनी खरं मानलं. का मानू नये? यातल्या निम्म्या लोकांना त्यांनी लहानपणी पट्टी मारली होती. खोटं बोलायची यांची छाती नाही असं त्या धरून चालल्या.

श्रावण सरता सरता अंगदनं मंडळाच्या ग्रुपवर मागच्या दिवाळीचे फोटो टाकले. बाईंनी एक फोटो टॅबवर बोटांनी ताणून ताणून एवढा मोठा केला की एकेक शिपाई हाताएवढा झाला. मान वाकडी करून त्या आपला झोपाळू शोधायला लागल्या. तिसऱ्या ओळीत, निशाणाच्या मागं. सापडला.

टक्क जागा होता. दोन्ही डोळे उघडे, सरळ, नेटके, आधारकार्डाच्या फोटोला बसल्यासारखे.

बाईंनी टॅब खिडकीच्या उजेडात धरला. त्यांनी बाकीचे ताणून बघितले. सगळ्यांचे डोळे सरळ, नेटके. एकही डोळा त्यांचा नव्हता.

एवढा स्थिर हात गावात एकीचाच. मोनिका. त्यांचीच विद्यार्थिनी, दातांची डॉक्टर, कपाळाला भिंगाचा चष्मा बांधून माणसांच्या दाढा कोरणारी, आणि मंडळात इंग्रजांच्या बाजूचे शिपाई रंगवणारी. बाईंनी फोन लावला.

"मोनिका, माझा झोपाळू कुणी उठवला?"

"कोण झोपाळू, बाई?"

"तिसऱ्या ओळीतला. निशाणामागचा. तो मी मुद्दाम झोपवला होता."

पलीकडं कुणाच्या तरी दाताचं यंत्र घूं घूं करत होतं, ते थांबलं. "अगं बाई," मोनिका हळूच म्हणाली. "मला वाटलं, तो तुमच्याकडून राहिला."

"आणि बाकीचे?"

मोनिकानं पेशंटला चूळ भरायला सांगितलं.

"बाकीचे, मोनिका."

"बाई, काहींचे डोळे गालावर आले होते. एकाचा तर कानावर. आबासाहेब म्हणाले, बाईंना कळू द्यायचं नाही, गुपचूप नीट कर. मी तुमच्या पाया पडते, बाई. मला फार वाईट वाटलं हो करताना."

बाईंनी फोन ठेवला. अंगाची लाही लाही झाली. हसले असते तर चाललं असतं. हसणाऱ्याला उलटून बोलता येतं. यांनी दया केली होती! वर्षभर हे सगळे त्यांच्यासमोर 'वा बाई' म्हणत होते आणि पाठीमागं त्यांचं काम पुसत होते. शरमेनं त्यांचे कान तापले आणि त्या शरमेचाच त्यांना आणखी राग आला. चोरी यांनी करायची आणि लाजायचं मी?

त्याच संध्याकाळी आबासाहेब आले. मोनिकानं कळवलंच असणार. पायरीवर चपला काढता काढताच बोलायला लागले. "रूथबाई, आदी ऐकून घ्या. तुमचा मान ऱ्हावा म्हनून केलं."

"माझा मान? तो माझ्या हातात होता आबासाहेब, एका केसाच्या ब्रशाएवढा. तो तुम्ही पुसलात."

"मंग काय, चकनी फौज उभी करायची व्हती? नगरहून लोकं आल्ती बघाया. फिदीफिदी हसले आस्ते."

"हसू द्यायचे."

"मला न्हाई चाललं आस्तं!" आबासाहेब एवढ्यानं ओरडले की शेजारची गोजरबाई दारात आली. मग ते ओशाळून खाली बसले. "तुमाला कुनी हसलेलं मला न्हाई चालत. आन ऐकाच आता सगळं. यंदा दिवाळीला तुमचा सत्कार ठरवलाय. शाल बी आनलीय, चांगली पैठनच्या बाजारातली. डोळं मोनिका उघडंल. तुमी खुर्चीत बसायचं, निवांत. लई केलं तुमी."

म्हणजे एवढी सगळी तयारी झाली होती! बाई उभ्या राहिल्या. त्यांची उंची पाच फुटांच्या आतच, पण वर्गात मागच्या बाकावरचा पोरगाही त्या उभ्या राहिल्या की गप्प व्हायचा.

"यंदा शिंद्यांची बाजू कुणाकडं आहे?"

"अजून कुनाकडंच न्हाई. शिपाई मागवायचेत."

"माझ्याकडं. पेठेची सगळी फौज मी उभी करणार. अरब, शिपाई, तोफा, बैल, सगळं. एकटी. कुणाचा हात लागता कामा नये. मैदानात उभी करता आली तर ब्रश माझा आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. नाही आली, तर आणा तुमची शाल. बसते खुर्चीत आणि घेते नारळ."

"आन डोळं?"

"ते माझं मी बघते."

आबासाहेब गेल्यावर बाई मटकन बसल्या. बोलून तर बसले, आता करायचं काय? तोंडाला लगाम नाही ही त्यांची जुनी खोड. शाळेतही इन्स्पेक्टरसमोर त्यांनी असंच कायकाय कबूल केलेलं.

दुसऱ्या दिवशी मोनिका दारात. हातात पिशवी, डोळे सुजलेले. "बाई, मी एक आणलंय. मोठे शिपाई मिळतात, बोटभर उंचीचे. तोंड मोठं, डोळे मोठे. तुम्हाला सोपं जाईल."

सगळ्या जगाची हीच समजूत. दिसत नाही ना, मग मोठं घ्या. अक्षरं मोठी, बटणं मोठी, घड्याळ मोठं. बाईंनी मोनिकाचं मन मोडलं नाही, एक शिपाई घेतला, खिडकीशी बसल्या. आणि अर्ध्या तासात तो टेबलावर आपटला. मोठं तोंड म्हणजे त्याला पापण्या हव्यात, ओठ हवेत, गालाला सावली हवी. जितकं मोठं तितकं जास्त बघायला लागतं. आणि बाईंनी तोंडाकडं बघितलं की धुकं नेमकं तोंडावर. त्या बिचाऱ्याला त्यांनी तीन भुवया काढल्या होत्या.

"घेऊन जा," बाई म्हणाल्या. "दिसतच नसेल तर मोठं काय आणि लहान काय."

हे बोलून त्या स्वतःच थांबल्या. मोनिका घाबरून बघत राहिली.

"मोनिका, सगळ्यात लहान किती लहान मिळतात गं?"

पुण्यात थ्रीडी यंत्रावर शिपाई छापून देणारा एक माणूस होता. बाईंनी त्याला फोन करून प्रत्येक मापाचा एकेक नमुना मागवला. पुडकं आलं. खिडकीच्या फळीवर त्यांनी नमुने मांडले, बोटभर, अंगठ्याच्या पेराएवढे, नखाएवढे, आणि सगळ्यात शेवटी तुरीच्या दाण्याएवढे. हे सुटे उभे राहूच शकत नव्हते. चार-चार जण एका पट्टीवर दाटीवाटीनं चिकटलेले. तोंड म्हणजे मोहरीचा दाणा, त्यावर नाक आहे की नाही हे देव जाणे.

बाई दोन पावलं मागं सरकल्या. मान वाकडी केली. बोटभर उंचीचा शिपाई म्हणजे एक पुसट खांब. पेराएवढा म्हणजे कायतरी हात-पाय. पण तुरीच्या दाण्यांची ती पट्टी मात्र लख्ख शिपायांची रांग! बंदुका खांद्याला, डावा पाय पुढं, निघालेत. त्यात एकेकट्याला बघायचंच नव्हतं. आणि एकेकट्याला बघणं हीच तर त्यांची अडचण होती. बाईंना एवढा आनंद झाला की त्यांनी एकटीनंच टाळी वाजवली.

फोनवर ऑर्डर देताना पुण्याचा माणूस म्हणाला, "आजी, हे फार बारीक पडतील तुम्हाला. नजर चांगली लागते."

"नजर माझी आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही शिपाई पाठवा."

पहिल्या पट्ट्या मात्र साफ वाया गेल्या. शिंद्यांच्या शिपायांचा कोट गडद निळा, म्हणून बाईंनी गडद निळा दिला; पट्टे पांढरे, पगड्या लाल, सगळं पुस्तकात होतं तसं. वाळल्यावर दोन पावलांवरून बघितलं तर काळं ढेकूळ. मुंग्या लागलेला गूळ बरा दिसला असता. बाई दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत. गोजरबाईनं भाकरी आणून दिली तर तिच्यावरही खेकसल्या. मनात आलं, आबासाहेबांना फोन करावा आणि म्हणावं, आणा ती शाल. जेवण गेलं नाही. रडल्याही थोड्या, पण रडताना कुणी बघायला नको म्हणून दार लावून.

दुसऱ्या दिवशी त्यांना आठवला सातवीचा वर्ग. विषय दरवर्षी तोच, 'जत्रा'. आणि पोरं एकेका माणसाला नाक-डोळे काढत बसायची, तास संपायचा, जत्रेत पाच माणसं! मग बाई ओरडायच्या, "अरे गाढवांनो, गर्दीला तोंडं काढायची नसतात. पागोटी काढा, लुगडी काढा, जत्रा आपोआप होते!" हजार पोरांना सांगितलं आणि स्वतः मात्र तोंडं काढत बसल्या. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

मग त्यांनी सगळ्या पट्ट्या आधी काळ्याभोर केल्या. त्यावर निळा दिला तो पुस्तकातला नव्हे, सणाच्या दिवशी मिरवावा असा उजळ. काळा फटीत राहू दिला, म्हणजे माणूस माणसापासून सुटा होतो. पगडी एकच टिपका. तोंड एकच टिपका, तांबूस. छातीवर पांढरा पट्टा एका फटक्यात. अरबांना पांढरे अंगरखे, कमरेला लाल-हिरवं. रंगांच्या बाटल्यांना रबरबँड, लालला एक, निळ्याला दोन. चाचपून बाटली हातात येई. पट्ट्या कुल्फीच्या काड्यांवर चिकटवलेल्या. डाव्या अंगठ्यानं टोप्यांची ओळ चाचपायची, उजव्या हातानं ब्रश त्या ओळीवरून ओढायचा. डोळ्यांचं काम बरंचसं अंगठा करत होता. सकाळी ऊन खिडकीत असेपर्यंत बसायचं, ऊन गेलं की काम बंद. हात भरून आला की थांबायचं, शिवी द्यायची, चहा घ्यायचा. बाई शिव्या देत नाहीत असं गावाला वाटे. त्या ख्रिस्ती शिव्या होत्या, सौम्य, पण मनापासून.

तोफांचे बैल आले तेव्हा बाईंचं डोकंच फिरलं. विलायती बैल! पाठ सपाट, वशिंडाचा पत्ता नाही. नगरच्या तटाखाली बिनवशिंडाचे बैल? त्यांनी पिठाच्या लगद्याचे कण चिमटीत धरून एकेका बैलाला वशिंड बसवलं. हे काम दिसत नसतानाही जमतं, कुरडया घालणाऱ्या बाईला काय अवघड? मग उत्साहाच्या भरात शिंगंही रंगवून टाकली, लाल-निळी, पोळ्यासारखी. पोळा अजून झाला होता की नव्हता, हे कुणाला विचारायच्या फंदात त्या पडल्या नाहीत.

भाऊबीजेच्या दुपारी अंगदच्या माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मातीची पेठ उभी होती, हळीव बोटभर आलेले. तटाखाली मोनिकाची इंग्रज फौज, तीही बाईंच्या मापाची. नाहीतर एका बाजूला हत्ती आणि एका बाजूला मुंग्या असं झालं असतं म्हणून तिनं धडपडून नवी केलेली. त्यातल्या घागरेवाल्यांना तिनं भिंग लावून डोळे काढले होते. खरंच काढले होते, तुरीच्या दाण्याला! लोक मोबाईल अगदी टेकवून फोटो काढत होते आणि 'आयला' म्हणत होते. भिंतीशी एक खुर्ची, तिच्या पाठीवर मखमली कापड, शेजारी ताटात शाल आणि नारळ. बाईंना ते दिसलं, कारण त्या तिकडं बघत नव्हत्या.

बाईंनी खोकी उघडली. तटावर पलटणी लागल्या. अरब वेशीशी, निळे कोट बुरुजांवर, तोफा मागं. लगेच मोबाईल टेकले.

"यांना डोळेच नाहीत," कुणीतरी म्हणालं.

"एकालाही नाहीत."

माडीवर चुळबुळ झाली. मोनिका खाली मान घालून उभी. सगळे पंचाकडं बघायला लागले. आबासाहेबांनी घसा खाकरला. त्यांचं तोंड उतरलं होतं. नियम त्यांचाच होता आणि तो मोडायची त्यांची तयारी नव्हती, तसाच तो बाईंना लावायचा धीरही होत नव्हता.

"रूथबाई, नियम तुमाला ठावं हाय."

"आहे की. डोळे उघडल्याशिवाय शिपाई मैदानात नाही."

"मंग?"

"आबासाहेब, दारापर्यंत जा."

"कशाला?"

"जा म्हटलं ना!"

तीस माणसांसमोर सत्तर वर्षांचा माणूस निमूट दारापर्यंत गेला. लोकांनी वाट दिली.

"आता तिथनं सांगा, वेशीशी कोण उभे आहेत?"

"अरब हायेत. पांढरे अंगरखे, दुसरं कोन?"

"आणि बुरुजावर?"

"शिंद्यांची पलटन. निशान वर धरलंय." आबासाहेबांचा आवाज बदलला. ते दारातच पुढं झुकले, बाजारात दावणीकडं बघावं तसे. "डाव्या अंगाला गडबड दिसतीय. मागची रांग पुढं सराया लागलीय. आन त्यो तोफंचा बैल..." ते थांबले. "त्यो उजवीकडचा पुढच्या पायानं अडतोय. नाल उपटलाय का त्येचा?"

बाईंना बैलाच्या पायाचं काही माहीत नव्हतं. चिकटवताना तो थोडा वाकडा बसला असणार. पण त्यांनी चेहरा हलू दिला नाही. "घोडेगावला जनावर घेताना तुम्ही त्याच्या डोळ्यांत बघत बसायचात?"

"येडे का काय! जनावर लांबून चालीवर वळखायचं."

"मग माझे शिपाई ओळखलेत कशावरून?"

आबासाहेब दारात उभेच. उपरणं खांद्यावर नीट करू लागले.

"आता मोनिकाचे घागरेवाले बघा तिथनं. डोळे दिसतात?"

आबासाहेबांनी बघितलं. मोनिकानं पुस्तकातला गडद लाल दिला होता, बारीक बारीक चौकटी आणि डोळे घातले होते. जवळून जीव ओवाळावा असं काम. दारातून तो एक तपकिरी पट्टा होता. आबासाहेबांना मोनिकाचं वाईट वाटलं म्हणून ते गळ्यातली शिट्टी चाचपत राहिले, पण मोनिका स्वतःच बाईंच्या शेजारून निघाली, दारापर्यंत गेली, वळली, आपल्या फौजेकडं बघितलं, मग बाईंच्या. बराच वेळ बघितलं.

"बाई, माझे दिसतच नाहीत इथनं," ती म्हणाली.

"नाहीच दिसणार. तू एकेकाचा दात काढत बसलीस."

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. टेबलाची कड त्यांनी घट्ट धरली होती, आणि हे सगळं आता बोललं नाही तर कधीच बोलणार नाही हे त्यांना कळत होतं.

"ऐका सगळे. मला तुमची तोंडं दिसत नाहीत. आबासाहेब, तुमचं तोंड मी दीड वर्षात बघितलेलं नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही, ती माझी हेकडी. पण तुम्ही मला न विचारता ठरवलंत की ही बाई संपली. मला काय दिसतं ते मी सांगेन. दिसेल तोवर रंगवीन. दिसायचं बंद झालं की चाचपून रंगवीन, आणि तेही जमेना झालं की मी स्वतः इथं येऊन सांगेन, माझ्या तोंडानं. ते तुम्ही ठरवायचं नाही. आणि माझ्या पाठीमागं माझ्या शिपायाला हात लावायचा नाही. लावायचा असला तर माझ्यासमोर लावा आणि माझ्या शिव्या खा."

आबासाहेब दारातून चालत टेबलापाशी आले. त्यांनी पंचाची शिट्टी गळ्यातून काढली, पुसली, परत घातली. डोळ्यांना उपरणं लावलं. हे बाईंना दिसलं नाही, पण नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"फौज मैदानात हाय," ते म्हणाले. "फासे टाका."

लढाई चांगली तासभर चालली. पेठ पडली, फासे गोऱ्यांच्या बाजूनं पडत राहिले, त्याला कोण काय करणार. पण पहिल्या दोन शिड्या अरबांनी उलथून टाकल्या तेव्हा माडी दणाणली आणि तिसऱ्या शिडीवरून चढलेल्या गोऱ्यांना निळ्या पलटणीनं वेशीत जे धरून ठेवलं, ते बघायला रस्त्यावरची माणसं जिन्यात चढली. शिंगं रंगवलेल्या बैलांवरून वाद झालाच. पोळा आधी की लढाई आधी, यावर आणखी एक तट पडला.

सगळं आवरताना अंगद ताट घेऊन पुढं आला. शाल, नारळ तसेच. त्यानं आबासाहेबांकडं बघितलं. आबासाहेबांनी मान हलवली, घेऊन जा. अंगदनं ताट खाली दुकानात नेऊन ठेवलं.

बाई आपल्या पट्ट्या खोक्यात भरत होत्या, अंगठ्यानं एकेक चाचपत. मेलेले वेगळे, जिवंत वेगळे. मोनिका शेजारी येऊन उभी राहिली आणि आपले घागरेवाले उचलायला लागली.

"ते राहू दे," बाई म्हणाल्या.

"का हो बाई?"

"तो लाल रंग मेलाय. तुझ्याकडं किती पलटणी आहेत इंग्रजांच्या?"

"सगळ्याच माझ्याकडं आहेत."

"उद्या सकाळी ऊन आलं की घरी आणून दे."

"सगळ्या?"

"सगळ्या," बाई म्हणाल्या आणि खोक्याचं झाकण लावलं.